भागोजी येडग्याच्या म्हशी

१० सप्टेंबर

शिंत्रे सरांच्या तक्त्यात सगळ्याला रकाने आहेत. चारा कुठून आणला, धार कुणी काढली, तूप कुणी विकलं, जनावरं रानात कुठवर गेली. पण आज सकाळी ठकूआत्या शेणाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "तू आता सरकारी बाई झालीस. तुला भाकरी मी वाढायची, का तू मला वाढणार?" याला रकाना नाही. म्हणून ही वही वेगळी. ही कुणाला दाखवायची नाही.

काम आजपासून सुरू झालं. कोल्हापूरच्या विद्यापीठातले लोक बघणार आहेत की आम्ही गवळी धनगर या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या या सपाटीवर, कशावर जगतो. करंजसड्यावरची आठ घरं निवडलीत. घरोघर फिरून विचारायचं आणि लिहायचं, हे माझं काम. मला का घेतलं, तर मी पशुसखीचं शिक्षण घेतलंय आणि अक्षर बरं आहे, असं सर म्हणाले. खरं कारण असं की दुसरं कुणी पावसाळ्यात हा चढ रोज चढणार नाही.

माझे मालक वारले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. एक गाठोडं घेऊन आत्याकडे इथं आले, त्याला आता बारा वर्षं झाली. ज्यांनी मला रडत येताना बघितलं, त्यांनाच आता मी "तुमचा मुख्य व्यवसाय काय" विचारायचं. सुरुवात आत्यापासून केली.

"आत्या, तुझा मुख्य व्यवसाय काय?"

"तुला सांभाळणं."

"आणि जोडधंदा?"

"म्हस."

१३ सप्टेंबर

सात घरांची पहिली माहिती झाली. आठवं भागोजी येडग्याचं. तिथं घोडं अडलंय.

सड्यावर सगळ्यात जास्त म्हशी त्याच्या, आणि घरात माणूस एकटा. बायको तापानं गेली, त्याला बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ इचलकरंजीला मागावर, आई त्याच्याकडे. हा आपला म्हशींत. माणूस वाईट नाही, पण सरळ उत्तर द्यायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखं बोलतो.

"घरात माणसं किती?"

"मला माणूस म्हनायचं का?"

"एक लिहू?"

"लिवा. पन गेंदीला वाईट वाटंल."

गेंदी ही त्याची गाभण म्हैस. दारातच बसली होती.

"बरं, जनावरं किती?"

"आता एवढं ऊन झालंया. उद्या मोजूया. म्हशी दमल्यात."

म्हशी बसून रवंथ करत होत्या. दमलेली मीच होते. मग त्यानं पितळीभर ताक दिलं, मीठ-जिरं घालून. ताक चांगलं होतं, हे मान्य करायला पाहिजे. पण ताकानं रकाना भरत नाही.

१९ सप्टेंबर

मला आत्याची काळजी वाटायला लागलीय. तिला विसर पडतो. आठवड्यात तीनदा म्हणाली, "हौसे, विरजण संपलं बघ. जा, भागूकडनं घेऊन ये." मी जाऊन आणलं. आज चूल सारवताना वर बघते तर शिंकाळ्यात गाडगं भरून दही. वय झालं की असं होतं. गारगोटीला गेले की डॉक्टरांना विचारीन.

चिडचिडही वाढलीय. मी म्हटलं, "भागोजीदादा आज पण उत्तर देईनात," तर एकदम अंगावर आली.

"दादा कशाला म्हनतीस त्याला?"

"मग काय म्हणू? मोठा आहे माझ्यापेक्षा."

"तो काय तुझा भाऊ न्हवं. ते येडगे, आपुन कोकरे."

आडनावं मला माहीत नाहीत काय?

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. बिरोबाच्या देवळापुढं गजी ढोल लागले, पुरुषमंडळी रुमाल उडवत नाचली. मी सरांसाठी फोटो काढायला पुढं उभी होते. भागोजीचा पाय सारखा चुकत होता. इतर वर्षी हा माणूस सगळ्यांना पाय शिकवतो. यंदा दोनदा पुढच्याला धडकला. मला वाटलं पायात काटा गेला असणार. नाच संपल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "पाय दाखवा. काटा कुजला तर धनुर्वात होतो." लोक का हसले कळलं नाही. तो "न्हाई न्हाई" म्हणत देवळामागं गेला तो आलाच नाही.

जनावराला लागलं तर अर्ध्या रात्री मला उठवेल. स्वतःचा पाय दाखवायची लाज.

१५ ऑक्टोबर

आज शिंत्रे सर स्वतः चढून आले. धापा टाकत होते, पण सगळं बारीक वाचलं. म्हणाले, "हौसाताई, तुम्ही लिहिलेलं वाचताना म्हैस समोर उभी राहते." मग म्हणाले, जानेवारीपासून कोल्हापूरच्या ऑफिसात या. तिथून बाकीच्या वाड्यांवरच्या मुलींना शिकवायचं. राहायची सोय आहे.

मला खरंच वाटेना. मला, कोल्हापूरला, खुर्चीत बसून शिकवायला! आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "जा की. तुझं नशीब." आणि चूल फुंकत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

संध्याकाळी सगळ्या घरांना सांगून आले. सगळ्यांना आनंद झाला. भागोजीनं ऐकलं, मान हलवली आणि गोठ्यात गेला. जरा वेळानं तुपाची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली. "कोल्हापुरात असलं मिळत न्हाई," म्हणाला आणि परत आत गेला. माझ्या प्रश्नांतून सुटका होणार म्हणून खूश झाला असणार. बरणी मात्र मोठी आहे.

३० ऑक्टोबर

काल लिहिणं झालं नाही.

परवा संध्याकाळी गेंदी रानातून परत आली नाही. दिवस भरलेले. काल उजाडताच भागोजी बाकीच्या म्हशी घेऊन शोधायला निघाला. म्हणाला, माणसाला सापडत नाही, म्हशीला म्हस सापडते. मी बरोबर गेले. गाभण म्हैस रानात व्याली तर काय होतं, हे अभ्यासात यायला पाहिजे म्हणून.

करवंदीच्या जाळीतून, मग कारवीतून, खाली मोठ्या ओढ्याकडं. मोरी, कळपातली म्होरकी म्हैस, सगळ्यांच्या पुढं होती, नाक वर करून. एकाएकी ती धावली. तिच्यामागं सगळा कळप धावला. आम्ही पोचलो तेव्हा बघितलं, ओढ्याच्या काठावर सगळ्या म्हशी गोल करून उभ्या, तोंडं बाहेर, शिंगं खाली. मधे गेंदी आणि तिच्या पायाशी ओलं रेडकू, अजून उभं राहायला न शिकलेलं. समोरच्या कातळावर वाघरू बसलं होतं. बिबट्या. त्यानं आमच्याकडं बघितलं, म्हशींकडं बघितलं, आणि काही घाई नसल्यासारखं उठून कारवीत शिरलं.

भागोजीच्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्यानं ते घोंगड्यानं पुसलं आणि रेडकू उचलायला खाली उतरला. कातळ शेवाळलेला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मी आवाजावरनंच ओळखलं.

गेले तर चेहरा पांढराफटक. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला.

"काय न्हाई. जरा सरकलाय."

"हलू नका!"

"कुठं हलतोय. हौसाबाई, आता इचारा काय इचारायचं ते. आता पळून जाता येत न्हाई मला."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, माणसं घेऊन येते, पण तुम्हाला एकट्याला कसं टाकू, ते वाघरू इथंच असणार. तो म्हणाला, "एकटा कुठाय? ह्या हैत की." आणि खरंच, मी वर चढून वळून बघितलं तर म्हशींचा गोल आता त्याच्याभोवती झाला होता. आत गेंदी, रेडकू आणि तो.

मी कशी धावले मला आठवत नाही. चप्पल कुठं राहिली तेही नाही. चार माणसं, बांबू आणि घोंगड्याची झोळी घेऊन परत आलो. म्हशी कुणाला जवळ येऊ देईनात. शेवटी तोच आतून बोलला, "मोरे, सर गं बाजूला, आपलीच माणसं हैत." मग वाट दिली.

झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून जीपनं गारगोटीच्या दवाखान्यात नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलंय. रेडकू मी खांद्यावर घेऊन आणलं. गेंदी माझ्या पाठीला नाक लावून चालत होती.

३१ ऑक्टोबर

म्हशी धार देत नाहीत. परवा संध्याकाळपासून आत्यानं आणि शेजारणींनी बघितलं, आज सकाळी मी. मोरीनं चरवी लाथेनं उडवली. काजळी तर बसूनच राहिली. नुकती व्यालेली गेंदी रेडकाला पाजते, तेवढं बरं. बाकीच्यांच्या कासा दगडासारख्या घट्ट व्हायला लागल्यात. आणखी दोन दिवस असं गेलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, होऊन सड निकामी होतील.

त्याचा भाऊ धाकलू दुपारी येऊन गेला. तो वाईट नाही. डोळे रडून सुजले होते. म्हणाला, "आक्का, एकट्या माणसाला एवढा पसारा कशाला? विकून टाकतो. दादाला संगं नेतो. तिथं वॉचमनचं काम बघून ठेवलंय." मी म्हटलं, त्याला विचारल्याशिवाय एका म्हशीला हात लावायचा नाही. जरा जोरात म्हटलं असणार. तो मागं सरकला.

१ नोव्हेंबर

आजचं सविस्तर लिहिते, कारण हे शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

सकाळी आत्यानं भागोजीचं घोंगडं आणलं आणि माझ्या डोक्यावरनं टाकलं. "पांघर. त्यास्नी वास ओळखीचा पायजे." धूर, शेण, ताक आणि त्याची तंबाखू असा वास. वाड्यावरच्या बायका कुडाआडून बघून हसत होत्या. मला काय, मी काम करत होते. मोरीनं घोंगडं हुंगलं. शांत उभी राहिली. पण पान्हा सोडेना.

मग टेकाडावर चढले. रेंज तिथंच येते. दवाखान्यात फोन लावला.

"पाय कसा आहे?"

"टांगलाय. बोकडावानी."

"धार काढताना तुम्ही म्हशींशी काय बोलता?"

तिकडं कॉट कुरकुरली.

"कोन म्हनलं बोलतो म्हनून?"

"अख्खा सडा म्हणतो. लवकर सांगा, कासा तटतटल्यात."

"काय न्हाई... दिवसाचं सांगतो. कोन आलं, काय म्हनलं."

"तुमच्याकडं कोण येतं?"

"रेंज जाया लागलीया," म्हणाला आणि फोन बंद. माझ्याकडं रेंज पूर्ण होती.

संध्याकाळी घोंगडं घेऊन बसले. काय बोलावं सुचेना. म्हशीला तरी आपली नीट ओळख करून द्यावी म्हणून म्हटलं, "मोरे, मी हौसा."

मोरीचे दोन्ही कान पुढं झाले. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"हौसा. ठकूआत्याची भाची. हौसा आलीय गं."

आणि सड ओले झाले. पान्हा सुटला. मी भराभरा धार काढली, रडतच. मग काजळीजवळ बसले, "मी हौसा." तीच गोष्ट. भिंगरी, चांदी, सगळ्यांची तीच गोष्ट. चरव्या भरल्या.

यावरून दिसतं की म्हशींना माणसानं आपलं नाव सांगितलेलं आवडतं. सरांना कळवलं पाहिजे. आत्याला सांगितलं तर ती पदर तोंडात घालून इतकी हसली की ठसका लागला. या वयात तिला असं काहीही हसू येतं.

९ नोव्हेंबर

पहाटे उठून शेण, मग धार, मग म्हशी रानात लावणं, मग बाकीच्या सात घरांत जाणं, संध्याकाळी परत धार. इतकी दमते की आडवी झाले की झोप. तरी बरं वाटतं. का ते कळत नाही.

बारा वर्षं मी या म्हशी बघते, पण बघत नव्हते. भिंगरीला पाठीवरनं हात फिरवलेला लागतो, मानेवरनं नाही. चांदी गोठ्यात शेवटी शिरते आणि सगळ्या आल्या का ते मोजल्यासारखं बघते. रेडकाचं नाव कुणी ठेवलं नव्हतं, मी "पाखऱ्या" म्हणते.

भागोजीच्या घरातही शिरावं लागलं, पेंड कुठं ठेवलीय बघायला. एक पातेलं, एक पितळी, एक तांब्या. आणि एक नवी कोरी कपबशी, फुलांची, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेली. हा माणूस चहा पितच नाही. सड्यावर चहा पिणारी मी एकटीच. पाहुण्यांसाठी आणली असेल.

रोज संध्याकाळी टेकाडावरून फोन करते. म्हशींचा अहवाल द्यायला. आज अहवाल संपल्यावरही बराच वेळ बोललो. कशावर, ते आठवत नाही.

२१ नोव्हेंबर

भागोजीला परत आणलं. पायाला पलास्तर, हातात कुबडी. झोळीतून उतरवला तेव्हा म्हशी रानातून परतत होत्या. मोरीनं लांबूनच ओळखलं. हंबरत आली आणि त्याच्या छातीला डोकं लावून उभी राहिली. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. मग त्यानं एकेकीच्या कासेला हात लावून बघितला. सगळ्या मऊ.

"कुनी काढल्या धारा?"

आत्या म्हणाली, "तुझं घोंगडं कुनाच्या अंगावर हाय बघ की."

मी ते काढायला विसरले होते. घाईनं काढून दिलं. तो म्हणाला, "असू द्या. गारठा हाय." ऊन चांगलं पडलं होतं.

२३ नोव्हेंबर

आज मी फार संतापले. अजून शांत झाले नाही.

धाकलू म्हशींच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. मला वाटलं भागोजी हाकलून देईल. तो म्हणाला, "बघा त्यास्नी. बऱ्या घरी जाऊ द्या म्हंजे झालं."

"विकणार?" मी मधे पडले.

"काय करू ठेवून? पाय धड हुईस्तवर पावसाळा येतोय. आन् कुनासाठी ठेवायच्या?"

"कुणासाठी म्हणजे? आठ घरांचा अभ्यास आहे! मधेच म्हशी विकल्या तर सगळं बिघडेल. सरांना मी काय सांगू?"

"तुमी बी जानारच की जानेवारीत."

"माझ्या जाण्याचा आणि म्हशींचा काय संबंध?"

धाकलू आभाळाकडं बघायला लागला. व्यापाऱ्याला खोकला आला. भागोजी खाली बघून कुबडीनं माती उकरत होता. मग व्यापारीच म्हणाला, "मी परत येतो. घरातलं आधी मिटवा." घरातलं कसलं?

२४ नोव्हेंबर

दुपारी आत्या आणि मी अंगणात नाचणी पाखडत होतो. मी कालचा राग काढत होते. कसा माणूस, कसं काळीज, पोरीसारख्या म्हशी व्यापाऱ्याला देतो. आत्यानं सूप खाली ठेवलं.

"हौसे, तू शाळा शिकलीस. माझ्यासारखी अडानी न्हाईस. मग तुला दिसत कसं न्हाई?"

"काय दिसत नाही?"

"तो तुला उत्तर देत नव्हता, का तर उत्तर दिल्यावर तू दुसऱ्या दिशी येनार न्हाईस."

मी म्हटलं, काहीतरीच.

"मी तुला विरजनाला कशाला धाडत हुते?"

"तुला विसर..."

"इसर तुझ्या सासूला पडला आसंल. आगं येडे, विरजन घातल्याबिगर दही लागतंय व्हय कुठं?"

माझे हात नाचणीत तसेच राहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "धा वर्सं त्या गोठ्यातनं मी ऐकती. आज हौसा आली, हौसा अशी म्हनली, हौसानं निळं लुगडं नेसलं हुतं. तुझं नाव कानावर पडल्याबिगर त्या म्हशींनी कंदी धार दिलीया व्हय?"

मी उठून घरात गेले.

२५ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२६ नोव्हेंबर

सगळ्या सड्याला माहीत होतं. मला एकटीला नव्हतं. मीच आत्याला जाऊन सांगितलं होतं, म्हशींना नाव सांगितलेलं आवडतं म्हणून! लाजेनं मेल्यासारखं झालंय. सात घरांत आज गेलेच नाही.

मालक चांगले होते. चारच वर्षांचा संसार. त्यांचा चेहरा आठवायला आता डोळे मिटावे लागतात, आणि हे लिहितानाही हात जड होतो. आत्या म्हणते, आपल्यात म्होतूर लागतं, विधवेनं दुसरा संसार मांडायला कुणाची आडकाठी नाही. आडकाठी लोकांची नाहीच. माझीच आहे. पुन्हा कुणाची सवय लागली आणि पुन्हा तो गेला तर? त्या दिवशी ओढ्यात त्याचा पांढरा चेहरा बघून माझं काय झालं होतं, ते मी अभ्यासात लिहिलं नाही. इथंही पूर्ण लिहिलं नाही. मी ओढ्यापासून सड्यापर्यंत मोठ्यानं देवाला सांगत आले होते की याला नेऊ नको.

आणि कोल्हापूर. खुर्ची. ते खोटं नव्हतं, मला खरंच हवं होतं. अजूनही हवं वाटतं.

दोन्ही बाजू मांडून बघितल्या. मग लक्षात आलं की मी ऐन संध्याकाळी हे लिहीत बसलेय आणि माझे कान गोठ्याकडं लागलेत, चांदी आत शिरली का म्हणून.

२७ नोव्हेंबर

आज गेले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

भागोजी दारात दगडावर पाय लांब करून बसला होता. पाखऱ्या त्याचं पलास्तर चाटत होता.

"म्हशी विकायचं ठरलं?"

"धाकलू परवा येतोय त्या मानसाला घेऊन."

"मला विचारलं नाही."

"तुमास्नी कशाला?"

"तीन आठवडे शेण मी काढलंय."

त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. पाखऱ्या चाटतच होता.

"भागोजी," मी म्हटलं. दादा लावलं नाही. त्यानं मान वर केली. "मी कोल्हापूरला गेले नाही तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गोठ्याकडं तोंड करून म्हणाला, "मोरे, ऐकलंस का गं?"

"मोरीला कशाला विचारता? मी इथं उभी आहे."

"मला इचाराय येत न्हाई, हौसाबाई. आजपातूर सगळं तिलाच इचारत आलो."

"मग ती काय म्हणाली?"

"ती म्हनती, मानूस शिकल्यालं हाय. मोठ्या कामाला चाललंय. त्याच्या वाटंत बसू नगं."

मला राग आला. म्हशीचा नाही, याचा. म्हटलं, "माझी वाट मी ठरवीन. म्हशीनं आणि तुम्ही ठरवायचं नाही. मला एवढंच सांगा, मी राहिले तर तुम्हाला काय वाटेल?"

त्यानं पाखऱ्याचं तोंड बाजूला केलं. मग तो सरळ माझ्याकडं बघून बोलला.

"ऱ्हा, हौसा. तू लिव. धारा मी काढतो. तुझं लिवायचं काम सोडू नगं, त्ये सोडलंस तर मला झोप लागायची न्हाई. पन ऱ्हा."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला 'तू' म्हटलं. मी म्हटलं, "राहीन."

मग काय करावं दोघांनाही कळेना. शेवटी तो म्हणाला, "चा करू? फळीवर कपबशी हाय." मी म्हटलं, "पाय मोडलाय तुमचा. बसा. मीच करते."

२९ नोव्हेंबर

धाकलू व्यापाऱ्याला न घेता आला. आईला घेऊन आला. म्हातारीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लई वाट बघाय लावलीस गं." म्हणजे इचलकरंजीपर्यंत माहीत होतं.

१२ डिसेंबर

काल बिरोबापुढं आमचं म्होतूर लागलं. भागोजीचं पलास्तर अजून आहे. अक्षता पडताना तो कुबडीवर उभा होता, आणि मी त्याचा दंड धरला होता. कुणी हसलं नाही. हसली ती आत्या, पण तिचे डोळे वाहत होते. माझं गाठोडं तिनंच उचलून नेलं. वाटेत एकदाच म्हणाली, "आता विरजन तुझ्याकडनं मागाय येनार मी, रोज." मी तिचा हात धरला तो तिच्या दारापर्यंत परत पोचवेपर्यंत सोडला नाही.

आज सकाळी टेकाडावर चढून शिंत्रे सरांना फोन केला. आधी कोल्हापूरचं सांगितलं, की यायला जमणार नाही, पण मुलींना शिकवायचं असेल तर त्यांना इथं पाठवा, म्हशी इथंच आहेत. सरांना वाईट वाटलं. मग म्हणाले, ही कल्पनाही वाईट नाही, बघू.

"आणखी एक, सर. नात्यातल्या घराची माहिती आपणच लिहिणं बरोबर नाही ना? आत्याचं तुम्ही चालवून घेतलंत, पण आता एक घर अभ्यासातून कमी करायला लागेल. भागोजी येडग्यांचं."

"अरे! सगळ्यात चांगलं घर ते. का, म्हशी विकल्या?"

"नाही."

"मग स्थलांतर केलं का त्यांनी?"

"स्थलांतर झालंय, सर. पण त्यांचं नाही. माझं."

"तुमचं? कुठं?"

"चार घरं पलीकडं."

तिकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं खरंच रेंज गेली. मग सर हसल्याचं ऐकू आलं, आणि त्यांच्या नेहमीच्या, रकाने भरताना असतो त्या आवाजात त्यांनी विचारलं,

"हंगामी, का कायमचं?"

खाली गोठ्यातून भागोजीचा आवाज येत होता. म्हशींना काहीतरी सांगत होता.

"कायमचं लिहा, सर," मी म्हटलं.